घोडी कलंडू नये म्हणून

बनाबाई भाकरीची परात घेऊन मागं वळल्या आणि नेमकी तेव्हाच स्वरूपा आमटीचं पातेलं उतरवून पुढं सरली. परातीची कड पातेल्याला लागली, पातेलं कलंडलं आणि अर्धी आमटी ओट्यावरून वाहत थेट खालच्या पिठाच्या डब्यावर गेली. सासू-सुना एकमेकींकडं बघत राहिल्या. भाजलं कुणालाच नव्हतं, एवढंच नशीब.

"ह्ये असं हाय," बनाबाई परात पोटाशी धरून म्हणाल्या. "हितं दोन बाया मावत न्हाईत. रविवारी मी कळंबला जाती."

"आत्या, सांडायचंच व्हतं, सांडलं."

"आज आमटी सांडली, उद्या त्याल सांडंल. मी जाती."

बारामतीच्या एमआयडीसीजवळची ती भाड्याची जागा म्हणजे बाहेर एक खोली आणि आत स्वयंपाकघर म्हणवून घेणारा एक बोळ. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, अशी घरमालकाची तंबी. ओट्याखाली सिलिंडरभोवती डबे, पातेली, कांदे, सगळा एकच गोंधळ. काही काढायचं तर आधी चार वस्तू बाहेर काढाव्या लागत. कप्पे करून घ्यायला सुताराला एकदा बोलावलं होतं. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून अजितनं त्याला चहा पाजला आणि हसतमुखानं वाटेला लावलं.

बनाबाईंचा हा धाकटा मुलगा कंपनीत पाळीनं काम करायचा. थोरला कळंबला शेती बघायचा. त्याच्या घरी दिवसभर चिटपाखरू नसे आणि बनाबाई तिथं दारातल्या ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहत. त्यांचं उभं तारुण्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड, आज या माळावर, उद्या त्या. मेंढरं विकून कैक वर्षं झाली, तरी त्यांची बसण्याची तऱ्हा निघायला टेकलेल्या माणसाचीच होती. इथं आल्यापासून त्यांचं गाठोडं कपाटाच्या डोक्यावर होतं. रोज खाली काढायचं, लुगडं घ्यायचं, परत गच्च गाठ मारून वर ठेवायचं.

"कपाटात ठिवा की," स्वरूपा म्हणायची.

"ऱ्हाऊ दे. निघायला बरं पडतंय."

आणि स्वरूपाला तर ही सासू हवी होती. अजित कामाला गेला की आधी घर नुसतं गप्प बसायचं. बनाबाई आल्या आणि घर बोलायला लागलं. ऐन लग्नात नवरदेवाचं बाशिंग खाऊन टाकणाऱ्या बोकडाची गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली होती आणि दर वेळी स्वरूपा पोट धरून हसली होती. अशी सासू पातेलंभर आमटीपायी घालवायची? छे!

तिनं मोबाईलवर छोट्या स्वयंपाकघरांचे व्हिडिओ बघितले. त्यातली छोटी स्वयंपाकघरं हिच्या अख्ख्या घराएवढी. मग तिनं निमगाव केतकीला टोमॅटो पिकवणाऱ्या वडलांना फोन लावला.

"आबा, कोपरं तुटल्यालं क्रेट पडल्यात का आपल्याकडं?"

"ढीग हाय. का गं, भाड्याच्या खोलीत टोमॅटो लावतीस का काय?"

दुसऱ्या दिवशी मार्केटला जाणाऱ्या टेम्पोतून सात क्रेट दारात उतरले. स्वरूपानं ते घासूनपुसून उन्हात वाळवले. शनिवारी आडवे करून ओट्याखाली रचायचे, सुतळीनं एकमेकांना बांधायचे, की झाले कप्पे, असं तिनं सासूलाही सांगून ठेवलं. पण शनिवारी ती दळण घेऊन गिरणीत गेली, वीज गेली आणि ती तिथंच अडकली. परत आली तेव्हा बनाबाई पदरानं घाम पुसत उंबऱ्यात बसल्या होत्या.

"जाताजाता तुजं काम करून ठिवलं," त्या म्हणाल्या.

स्वरूपा आत गेली आणि बघतच राहिली. ओट्याखाली मधे सिलिंडर, डाव्या अंगाला तीन क्रेट, उजव्या अंगाला तीन. सुतळीच्या गाठी अशा की ओढून हलणार नाहीत. सातवा क्रेट तेवढा कोपऱ्यात रिकामाच पडला होता. तिला आनंदानं गहिवरून आलं. तिनं चपातीसाठी पोळपाट काढला. पण लाटणं? डावीकडचे तिन्ही क्रेट धुंडाळले, नाही. लाटणं उजवीकडं, अगदी तळाच्या क्रेटात निघालं. कप डावीकडं होते, बशा उजवीकडं. निम्मे चमचे इकडं, निम्मे तिकडं. मीठही दोन डब्यांत, चटणी दोन, विळ्याही दोन बाजूंना दोन.

"आत्या, पोळपाट हितं आन् लाटणं तितं?"

"मग? समदं एकाच अंगाला घातलं तर घोडी कलंडंल की!"

बोलून गेल्यावर बनाबाईंनी आधी सिलिंडरकडं बघितलं, मग सुनेकडं, आणि जीभ चावली. स्वरूपा हसत हसत खालीच बसली.

"आन् त्यो सातवा?"

"त्याला जोडच न्हाय," बनाबाई ओशाळून म्हणाल्या. "त्यो कुठं घालू?"

उद्या सगळं नीट लावू, असं म्हणून स्वरूपानं लाटणं आणि बशा तेवढ्या जागेवर आणल्या. अजित यायची वेळ झाली होती. चपात्या राहिल्या; बनाबाई डावीकडं उभ्या राहून भाकरी थापू लागल्या. पीठ, मीठ, काटवट सगळं त्यांच्याच हाताशी. स्वरूपानं उजवीकडं कांदा चिरला, फोडणी दिली. दोघींना एकमेकींकडं काही मागावं लागलं नाही. स्वरूपा आमटीचं पातेलं उचलून सवयीनं दबकत मागं वळली, तर वाटेत ना परात, ना सासूचं कोपर. ती पातेलं धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" बनाबाईंनी विचारलं.

"काय न्हाय. घोडी झ्याक चालतीय."

 त्या रात्री बनाबाईंनी स्वतः थापलेल्या दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

उद्या आलं. स्वरूपानं क्रेटांना हात लावला नाही. चहा देताना एवढंच म्हणाली, "खाली धूळ लई जाती. पडदा पायजे, पर त्यो आता पुढच्या पगाराला." जाऊ नका, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण बनाबाईंना आग्रह करून कुणी थांबवलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

चहा पिऊन बनाबाई उठल्या आणि त्यांनी कपाटावरचं गाठोडं खाली घेतलं.  स्वरूपा तोंड फिरवून उगाच धुतलेलीच कपबशी धुवायला लागली. अजितनं मोटारसायकलची किल्ली उचलली.

"आये, चल. गाडी चुकंल."

बनाबाईंनी गाठ सोडली. लुगडी, चोळ्या, फणी, औषधाची डबी, सगळं एकेक करून कोपऱ्यातल्या सातव्या क्रेटात घातलं. मग गाठोड्याचं ते जुन्या हिरव्या लुगड्याचं, दुहेरी शिवलेलं फडकं त्यांनी दोनदा झटकलं आणि ओट्याशी लांबीला धरून बघितलं. दोन्ही अंगांना बरोबर पुरत होतं.

"आये, अगं..."

"किल्ली ठिव ती," सुतळीचा तुकडा दातात धरून बनाबाई म्हणाल्या, "आन् ह्ये दुसरं टोक धर."