शुक्रवारची गोळी

रविवार

मित्रांनो, माझ्या अंगावर सात झाकणं आहेत, म्हणून माझी गोष्टही मी सात खणांत ठेवली आहे. रविवारपासून एकेक झाकण उघडत जा. दोन खण रिकामे निघतील. तिथलं काही हरवलंय असं समजू नका.

मी निळ्या प्लास्टिकची, गोळ्या ठेवायची एक जुनी डबी आहे. कारखान्यात साच्यातून गरम गरम बाहेर पडले, तेव्हा एका बाईंनी माझं प्रत्येक झाकण अंगठ्याने उघडून मिटून पाहिलं. गुरुवारचं जरा घट्ट होतं. "असू दे, वापरून सैल होईल," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात टाकलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य, आणि ते खरं ठरलं.

औषधांच्या दुकानातून मला आजोबांनी आणलं. आजोबा तेव्हा टपालखात्यात पत्रं वेगळी करायच्या कामावर होते. त्यांच्यासमोर खणांची अख्खी भिंत असायची. हातातलं पत्र पाहायचं आणि न बघता नेमक्या खणात टाकायचं, हे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. एखादा खण बराच वेळ रिकामा दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यांना वाटायचं, कुणाचं तरी पत्र कुठेतरी अडकलंय.

घरी त्यांनी तीच शिस्त मला लावली. आजीला रक्तदाबाची गोळी रोज लागायची. आठवडा संपला की आजोबा चष्मा पुसून बसायचे आणि सात खणांत सात गोळ्या टाकायचे. टक, टक, टक. आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, "पोस्टात होतात म्हणून ठीक. पेपर टाकणारे असतात, तर माझ्या गोळ्या दारावरून भिरकावून गेला असतात."

नऊ वर्षं माझा एकही खण चुकला नाही. पाहुण्यांना आजोबा मला उचलून दाखवायचे. मी मनातल्या मनात फुगायचे.

मग आजी गेली. मला कुणी फेकलं नाही, पण कुणी धुतलंही नाही. मी ड्रॉवरमध्ये जाऊन पडले. माझ्या मंगळवारात स्क्रू आले, शुक्रवारात तुटकी बटणं. अक्षरं पुसट झाली. पाच वर्षं मी पक्कड आणि सुतळीच्या गुंड्याशेजारी काढली.

सोमवार

आता त्या मुलीबद्दल सांगते, जिच्यासाठी मला पुन्हा बाहेर काढलं.

ती आजोबांची नात. वय दहा. घरात तीन माणसं: ती, आजोबा आणि तिची आई. बाबा जहाजावर स्वयंपाकी आहेत, ते बहुतेक वेळ फोनमध्येच भेटतात. आई लांब पल्ल्याची बस चालवते. आजोबा नातीला 'साहेब' म्हणतात, कारण ती तीन वर्षांची असताना त्यांच्या खुर्चीत बसून त्यांनाच चहा मागायची. मीही तिला साहेबच म्हणेन.

साहेबांना सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांच्या कडेला लाल, जाड चट्टे, आणि त्यांवर चंदेरी पापुद्रा. खाजवलं की पापुद्रे गळतात, कधी रक्त येतं. हा आजार कुणाला स्पर्शाने होत नाही. हे वाक्य तिला इतकं पाठ होतं की वर्गात नवी मुलगी आली की ती नावाच्या आधी तेच सांगायची. तरीही तिच्या बाकावर दुसरं दप्तर ठेवलं जायचं नाही. ती रोज बाक सोडताना तळव्याने पुसून घ्यायची.

चार वर्षं मलमं झाली. सकाळी एक, झोपताना एक. मग दवाखान्यातल्या दिव्यासमोर उभं राहायचे उपचार झाले. चट्टे मागे हटायचे आणि पुन्हा यायचे. या वर्षी ते पाठीवर उतरले. खुर्चीला पाठ टेकली की ती दचकायची.

तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुचवली.

मंगळवार

रिकामा.

बुधवार

दवाखान्यात मी नव्हते. पण त्या दिवशी घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर सगळं पुन्हा बोललं गेलं आणि ड्रॉवर अर्धवट उघडा होता, म्हणून मला माहीत आहे.

"पोटात घ्यायचं औषध म्हणजे जास्तच झालं का गं?" आजोबांनी विचारलं.

"मलाही तसंच वाटलं, आप्पा," आई म्हणाली. "मी विचारलं डॉक्टरांना. त्या म्हणाल्या, आजार त्वचेवर दिसतो, पण गडबड आतून होते. म्हणून आतून थोपवायचं. आधी रक्त तपासायचं, मग गोळी, मग पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील."

"आणि माझ्याशी वेगळं बोलल्या," साहेब म्हणाल्या.

"काय बोलल्या?"

"मला उभं करून तीनदा म्हणायला लावलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच. शुक्रवारी. कुणीही दुसऱ्या दिवशी दिली तर घ्यायची नाही, आधी विचारायचं. मी म्हटलं, आईने दिली तर? त्या म्हणाल्या, आईने दिली तरी. मी स्वतः दिली तरी!"

"बापरे, जबरदस्त बाई दिसते," आजोबा हसले. त्यांना त्यातली गंमत तेवढी लक्षात राहिली.

साहेबांची अडचण निराळी होती. तिला गोळी गिळता यायची नाही. ताप आला तरी पातळ औषधच लागायचं. गोळी जिभेवर ठेवली की घसा दार लावून घ्यायचा. ही गोळी चुरायची नाही, तोडायची नाही, असं औषधाच्या दुकानदाराने बजावलं होतं. आई हवालदिल झाली. आजोबा म्हणाले, "हे खातं माझ्याकडे द्या."

त्यांनी पावाचा मऊ भाग बोटांत वळून मोहरीएवढी गोळी केली. "आधी पाण्याचा घोट. मग ही. मग पुन्हा घोट. मान वर करायची नाही, सरळ समोर माझ्या नाकाकडे बघायचं."

"तुमच्या नाकात केस आहेत."

"तेच मोजायचे. घशाकडे लक्ष जात नाही."

पहिल्या दिवशी तिला उबळ आली आणि आजोबांचा सदरा भिजला. तिसऱ्या दिवशी मोहरीएवढी गोळी गेली. आठवड्याने मसुराएवढी. बाराव्या दिवशी आजोबांनी वळलेली गोळी खऱ्या गोळीएवढी होती, आणि ती गेल्याचं तिला कळलंच नाही. तोंड उघडून ती विचारत होती, "कधी देताय?"

त्याच दिवशी आजोबांनी मला ड्रॉवरमधून काढलं. स्क्रू ओतले, कोमट साबणाच्या पाण्यात धुतलं, जुन्या टूथब्रशने कोपरे घासले. मित्रांनो, पाच वर्षांनी कुणी झाकण उघडतं तेव्हा काय वाटतं, ते मला सांगता येणार नाही.

गुरुवार

हाही रिकामा. मुद्दाम.

शुक्रवार

दर रविवारी आई मला भरायची. शुक्रवारात ती पिवळी गोळी, सोमवारात जीवनसत्त्वाची एक, बाकी पाच खण मोकळे. मग ती मला टेबलावर ठेवायची. आजोबा येता-जाता माझ्याकडे बघायचे. मोकळी झाकणं उगाच वाजवून पाहायचे. एकदा म्हणाले, "एवढी डबी आणि दोनच गोळ्या. बिचारीला बसवून पगार दिल्यासारखं वाटतं."

खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. नऊ वर्षं भरलेली राहिल्यावर रिकामपण म्हणजे कमीपणाच वाटतो.

पहिल्या शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर तिघंही टेबलाशी बसली. साहेबांनी घोट घेतला, गोळी ठेवली, आजोबांच्या नाकाकडे पाहिलं, घोट घेतला. आईने डोळे मिटले होते. "झालं सुद्धा," साहेब म्हणाल्या. "आई, डोळे उघड. मी गिळली, तू नाही."

दुसऱ्या दिवशी तिला मळमळलं. ती दुपारपर्यंत पडून राहिली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, असं होऊ शकतं, कळवत राहा. दुसऱ्या शुक्रवारनंतर मळमळ कमी झाली. तपासणीत रक्त ठीक आलं. सहाव्या आठवड्यात साहेब खुर्चीला टेकून बसलेल्या मी पाहिल्या. तिला ते कळलं नव्हतं. आईला कळलं होतं; ती पोळपाट धुता धुता थांबली होती.

सातव्या शुक्रवारची गोळी घेऊन झाली. त्याच दुपारी आईला डेपोतून फोन आला. एक चालक आजारी पडला होता, आणि तिला तीन दिवसांच्या फेरीवर जावं लागलं. जाता जाता ती म्हणाली, "आप्पा, रविवारी डबी तुम्ही भराल ना?"

"हे काय विचारणं झालं?" आजोबा म्हणाले.

शनिवार

आजोबांनी रविवारची वाट पाहिली नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा पुसला आणि मला समोर ओढलं. मी पूर्ण रिकामी होते. पिवळ्या गोळ्यांची पाकिटं आणली, खोकं कपाटातच राहिलं. त्या खोक्यावर दुकानदाराने लाल शाईने 'आठवड्यातून एकदाच' असं लिहिलेलं होतं, तेही कपाटातच राहिलं. मग त्यांचा हात चालू लागला. छत्तीस वर्षांचा हात आणि नऊ वर्षांचा हात. टक, टक, टक. सातही खण भरले.

मी ओरडू शकत असते तर ओरडले असते. माझ्याकडे झाकणं आहेत, तोंड नाही. आणि कबूल करायला हवं, भरताना क्षणभर मला बरंही वाटलं होतं.

जेवण झालं. आजोबांनी शनिवारचं झाकण उघडून गोळी तळहातावर धरली. "चला साहेब, आजची गोळी."

साहेबांनी सवयीने घोट घेतला. गोळी उचलली. मग हात थांबला.

"आजोबा, मी काल घेतली ना?"

"कालची काल. ही आजची."

"पण ही शुक्रवारची असते."

"अगं, खणात आहे म्हणजे आजचीच. मी स्वतः भरली आहे. छत्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात टाकलं नाही मी, आणि माझ्या नातीची गोळी चुकवेन?"

त्यांचा आवाज दुखावलेला होता. साहेबांचे डोळे भरले. ज्याने गिळायला शिकवलं, त्यालाच नाही म्हणायचं होतं. दहा वर्षांच्या मुलीला हे किती जड असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

तिने गोळी टेबलावर ठेवली. "डॉक्टरांनी सांगितलंय, कुणीही दिली तरी आधी विचारायचं. तुम्ही रागावलात तरी चालेल."

ती स्टुलावर चढली आणि कपाटातून खोकं काढून आणलं. आजोबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी माझी झाकणं एकामागून एक उघडून सगळ्या गोळ्या ताटलीत पाडल्या आणि टेबलावरची त्यांच्यात ठेवली. साहेबांनी मोजल्या. सात. एकही पोटात गेली नव्हती. आजोबांनी पाकिटाच्या फुटलेल्या जागा मोजल्या, मग पुन्हा ताटली मोजली, मग पुन्हा पाकीट.

दोघांनी दवाखान्यात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टरांनी कालची एकच गेली ना, हे तीनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला फोन द्या." साहेबांनी फोन कानाला लावला, म्हणून काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण तिचे कान लाल झाले. शेवटी पुन्हा स्पीकरवर आजोबांना म्हणाल्या, "ही गोळी रोज घेतली असती तर जिवावर बेतलं असतं. अशी चूक शहाण्या माणसांकडूनही होते, म्हणूनच मी मुलांना पाठ करायला लावते. आणि ती डबी या औषधासाठी नको. सात झाकणं असली की सात गोळ्या मागतात."

सोमवारी आई परतली. सगळं ऐकून तिने पाकिटाच्या फुटलेल्या जागा स्वतः मोजल्या. आजोबा म्हणाले, "मी यापुढे औषधाला हात लावणार नाही."

"आप्पा, चूक एकट्या तुमची नाही. मी सगळं तोंडी सांगून गेले," आई म्हणाली. "लिहून ठेवायला हवं होतं."

"तरी नाही."

"मग मी बघू कुणाच्या नाकाकडे?" साहेबांनी विचारलं. "आईच्या नाकात काहीच नाही." आई हसली आणि रडलीही. आजोबांनी तोंड फिरवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू म्हातारपणी तुमच्यापुढे हात जोडतात: आम्हाला टाकू नका, वापरा. मी उलटं मागते. जिथे माझी गरज नाही, तिथून मला उचला. औषधाच्या खोक्यावरचं वाचा, मोठ्यांनाही वाचायला लावा. आणि कितीही लाडक्या हाताने दिलं तरी शंका आली तर थांबा. थांबल्याने माणूस दुखावतो, पण नातं जिवंत असेल तर ते सावरतं.

मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे, या वेळी धुतलेली. गोळ्या आता त्यांच्या खोक्यातच असतात, वरच्या कपाटात. भिंतीवर कागद आहे. त्यावर शुक्रवारची तारीख आणि दोन सह्या: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी पाहायचं, मग गोळी. गेले दोन शुक्रवार साहेबांनी वाचलं आणि आईने पाहिलं. आजोबा दाराशी उभे राहायचे, आत यायचे नाहीत.

आज शुक्रवार आहे. आई फेरीवर गेली आहे. कपाट उघडल्याचा आवाज आला, खोकं टेबलावर ठेवल्याचा आला, खुर्ची ओढल्याचा आला.

"आजोबा, बसा," साहेब म्हणाल्या. "आज तुम्ही वाचा. मी बघते."

दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, चष्मा पुसल्याचा आला, आणि मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, अक्षर न् अक्षर, सावकाश.