आतल्या खिशातला अर्ज

खासदारसाहेबांनी इस्त्रीवाल्या मावशींच्या नावानं संसद दणाणून सोडली. "साठीची बाई, गुडघे कामातून गेलेले, गल्लीतला नळ कोरडा, आणि आठ महिने दुसऱ्या गल्लीतून घागरी वाहतेय!" विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली.

शनिवारी कोट न्यायला साहेब स्वतः मावशींच्या टपरीवर गेले. चार कौतुकाचे शब्द ऐकायचे होते, दुसरं काय!

"टीव्हीवर बघितलं हो," मावशी म्हणाल्या. "सूनबाई तर रडलीच."

साहेबांना चेव चढला. "पाणीखात्यातली माणसं म्हणजे दगड, मावशी! तुमचा अर्ज दाबून बसलेत मेले!"

मावशींनी घडी केलेला कोट पुढे केला आणि त्यावर एक कागद ठेवला. तो त्यांचाच अर्ज होता. भाषणात वाचून दाखवायला म्हणून साहेबांनीच तो खिशात घातला होता.

"आतल्या खिशात होता," मावशी हळूच म्हणाल्या. "पार चुरगळला होता, म्हणून त्याच्यावरही इस्त्री फिरवली. तुमची सही झाली की खात्यात जाईल म्हणत होतात ना?"

साहेबांनी मान खाली घालून पेन काढलं. हाताखालचा कागद अजून गरम होता.