त्रेचाळिसावा अर्ज

"साहेब, तुम्ही खोटं बोलता. चौथ्या दिवशी पाणी देतो म्हणून गणपतीत सांगितलंत, दिवाळीत सांगितलंत, आणि आमचा नळ दहाव्या दिवशीच खोकतो. तुमच्या बंगल्याचा नळ कितव्या दिवशी येतो तेही एकदा जाहीर करा."

व्यंकटीनं लिहिलेल्या त्रेचाळिसाव्या अर्जाची ही सुरुवात. सातवी शिकलेला माणूस. लातूरला एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं इंजिनं खोलली, जोडली आणि रिटायर झाला. अर्ज लिहायला त्याला कुणी शिकवलं नाही. नोकरीत वरून नोटिसा यायच्या, त्या वाचून वाचूनच त्याला कळलं की कागद फक्त कागदालाच भितो. दर सोमवारी तो धुतलेला सदरा घालून महापालिकेच्या पाणीपुरवठा ऑफिसात जायचा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा आणि ती प्रत निळ्या फायलीत लावायचा. फाइल फुगली, उत्तर एकाचंही आलं नाही.

गल्लीत शिव्या घालत नाही असा माणूस नव्हता. कोपऱ्यावरचा किराणावाला संगमेश्वर धुळीला शिव्या घालायचा. सकाळी पुसलेल्या बरणीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं, म्हणायचा. समोरच्या शरणम्माअक्का उदगीरकडच्या. त्या क्लासला जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांना कानडीत शिव्या घालायच्या आणि कुणी अर्थ विचारला तर सांगायच्या नाहीत. व्यंकटीच्या शिव्या तेवढ्या लेखी होत्या.

मागच्या महिन्यात पाण्याच्या दिवशी त्याची बायको पारूबाई भरलेली बादली घेऊन जिन्यावरून घसरली. वरच्या मजल्यावरची टाकी भरायची मोटार जळाली होती आणि व्यंकटी "उद्या बघतो, उद्या बघतो" करून राहिला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त केली, घरातली मोटार तेवढी राहिली. पारूबाईचं मनगट मोडलं. पुण्याहून पोरगा धम्मानंद धावत आला, आईचा प्लास्टरमधला हात बघितला आणि दारातच म्हणाला, "बाबा, बास झालं. घर विका आणि चला माझ्याकडं. तिथं चोवीस तास पाणी हाय, लिफ्ट हाय."

व्यंकटीच्या तोंडून "बरं" निघून गेलं. चूक त्याचीच होती. जळक्या मोटारीसमोर उभं राहून माणूस दुसरं काय बोलणार?

धम्मानंद कामाचा पोरगा. आठ दिवसांत त्यानं गिऱ्हाईक शोधलं. नांदेडचा भागवत. मूळ लोह्याकडचा शेतकरी माणूस, नांदेडात बियाण्यांचं दुकान. त्याची पोरगी आरती लातूरला अकरावीला, होस्टेलवर. मेसचं खाऊन वाळून चालली म्हणून तिच्या आईनं लातुरातच घर घ्यायचा हट्ट धरलेला. व्यंकटीचं घर क्लासच्या भागाला लागून. झालं.

आता पोराला दिलेला शब्द मोडायचा कसा? व्यंकटीनं दोन रात्री विचार केला आणि त्याला निळी फाइल आठवली. आपण नाही म्हणायचंच कशाला? येणाराच नाही म्हणू दे. पाणी दहाव्या दिवशी येतं, तर बघायला बोलवायचं आठव्या दिवशी. टाक्या तळाला गेलेल्या, बायका वैतागलेल्या, पाहुण्याला हात धुवायलासुद्धा विचारावं लागेल. वर त्रेचाळीस अर्ज वाचायला द्यायचे. एवढ्यावर कोण घर घेईल?

त्यानं गल्लीला गोळा करून सांगितलं. "उद्या नांदेडचं गिऱ्हाईक येऊन राहिलंय. कुणी खोटं बोलायचं न्हाई. रोज जे बोलता तेच बोला."

"रोज बोलतो ते बोललो तर पोलीस येतील," संगमेश्वर म्हणाला.

"अय्यो, मी कानडीत बोलू का?" शरणम्माअक्कांनी विचारलं.

"मराठीत बोला अक्का. त्याला कळलं पाहिजे."

भागवत आणि त्याची बायको वर्षाराणी सकाळी दहाला आले. अहमदपूरवरून येताना रस्त्यानं हाडं खिळखिळी केली म्हणत भागवत खुर्चीत टेकला. वर्षाराणीनं बसल्या बसल्या भिंतीवरचा बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो बघितला. पारूबाईनं डाव्या हातानं तांब्या आणि दोन गिलास आणले.

व्यंकटीची एक जुनी सवय होती. घरात पाटील-देशमुखांपैकी कुणी आलं की त्याची नजर गिलासावर जायची. किती जण "आत्ताच पिऊन आलो" म्हणतात, ओठाला लावून कोण ठेवतं, त्याला सगळं माहीत होतं. कुणी मान्य करत नाही म्हणून ते संपलंय असं समजू नका. वर्षाराणीनं गिलास एका दमात संपवला आणि पुढं केला. "मावशी, अजून एक मिळंल का? न्हाई, लातुरात पाणी मागू न्हाई म्हणतात, पण घसा लई कोरडा पडलाय."

पारूबाई हसली. व्यंकटीला हसू येत होतं ते त्यानं आवरलं आणि फाइल काढली.

"व्यवहाराआधी हे वाचा. मी कुणाला फसवीत न्हाई."

भागवतनं तीन-चार अर्ज वाचले. वाचता वाचता त्याच्या मिशीखाली हसू पसरत गेलं. "काका, तुम्ही तर साहेबाची पार चामडी काढली की! पण खरंय बगा. दुष्काळात रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेलं गाव हे. आमच्या नांदेडला काय न्हाई? गोदावरी हाय, घाट हायेत, गुरुद्वाऱ्यात जगभरचं माणूस येतं. हितं काय हाय? क्लास आणि धूळ. पोरगी नसती तर मी ह्या गावात गाडीचं चाक बी थांबू दिलं नसतं."

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. यातलं निम्मं तर अर्ज क्रमांक सतरामध्ये व्यंकटीनं स्वतः लिहिलं होतं. त्यानं फक्त मान हलवायची होती आणि काम फत्ते होत होतं.

"गोदावरी तुम्ही खणली का?" व्यंकटी म्हणाला.

"काय?"

"न्हाई, विचारलं. नदी तुमच्या दारातून जाती, त्यात तुमचा काय हात? आणि नदी दारात असून पोरगी कामून हितं पाठवली? रेल्वेचं पाणी प्यालो, हाव. ते पिऊन ह्या गल्लीतली तीन पोरं डॉक्टर झाली. त्यातलं एक तुमच्याच नांदेडला दवाखाना टाकून बसलंय, जाऊन नाडी दाखवा."

दारात संगमेश्वर उभाच होता. तो धुळीबद्दल बोलायला आला होता, तसं ठरलं होतं. "धुळीचं विचाराल तर," तो आत येत म्हणाला, "धूळ कुठं नसती? हितली धूळ कोरडी. झटकली की गेली. नांदेडची चिकटती."

"आन् गाड्या?" मागून शरणम्माअक्का. "पोरं जातात गाडीवरनं, पण अक्का म्हणून हाक मारतात. माझा नवरा वारला तवा क्लासला सुट्टी टाकून चाळीस पोरं आली होती. माझी भाची बेंगळूरला राहती, तिला शेजारणीचं नाव ठाऊक न्हाई."

व्यंकटीनं दोघांकडं डोळे वटारले. संगमेश्वरनं खांदे उडवले. कारण सुरुवात कुणी केली होती?

भागवत खुशीत आला. असली माणसं असलेली गल्ली त्याला बघायलाच मिळाली नव्हती. "काका, वरचा मजला दाखवा," म्हणाला.

आणि तेवढ्यात गल्लीच्या खालच्या टोकाकडून आरोळी आली, "सुटलं! पाणी सुटलं!"

आठव्या दिवशी!

पुढं काय झालं ते भागवतला नीट कळलंच नाही. घरात बसलेली गल्ली रस्त्यावर आली. कुणी नळीला फडकं बांधत होतं, कुणी शाळेत फोन करून "आज येत न्हाई" सांगत होतं. भागवतनं शेजारच्या भिंतीवरचा मोटारीचा खटका बघितला आणि मदत म्हणून हात घातला, तशी पारूबाई ओरडली, "पाव्हणं! मोटार लावायची न्हाई!"

"का हो? पाणी जाईल की."

"पहिला अर्धा तास कुणीच लावीत न्हाई. वरच्या टोकाला रत्नम्माचं घर हाय, म्हातारी एकटी. आपण मोटारी लावल्या तर तिच्या नळाला थेंब जात न्हाई. तिचा पिंप भरला की ती थाळी वाजवती, मग लावायच्या."

"आणि कुणी आधीच लावली तर?"

"लावली होती एकानं. गल्लीनं वर्षभर त्याच्या घरचा चहा पिला न्हाई. आता तोच खाली उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवतो."

वर्षाराणीनं पदर खोचला आणि न विचारता घागर उचलली. नांदेडचा बियाणेवाला नळी धरून उभा राहिला. बूट भिजले, तो हसत होता.

व्यंकटी मात्र भरायचं सोडून तरातरा कोपऱ्याकडं निघाला. तिथं पाणी सोडणारा दगडोबा लोखंडी किल्ली घेऊन खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवत बसला होता.

"आज कामून सोडलंस रे?" व्यंकटी त्याच्यावर खेकसला. "आज आठवा दिवस हाय!"

दगडोबानं मान वर केली. वीस वर्षांत उशिरा सोडल्याबद्दल त्यानं गावभरच्या शिव्या खाल्ल्या होत्या. लवकर सोडल्याबद्दल शिवी देणारा हा पहिलाच.

"काका, तब्येत बरी हाय ना?"

"दहाव्या दिवशी सोडायचं, आज कामून सोडलंस ते सांग!"

"तुमच्यामुळंच की! वरून हुकूम आला, ह्या लाइनीला आता आठव्या दिवशी सोडा. साहेबाच्या टेबलावर तुमचा कागद होता. बंगल्याचा नळ कितव्या दिवशी येतो, असं लिवलं होतं म्हणे. सगळं ऑफिस वाचून हसून राहिलं, साहेब लाल झाला. आता सोडलं तर शिव्या, न्हाई सोडलं तर शिव्या. मी करू तरी काय?"

बेचाळीस अर्जांना भिंत झालेलं ऑफिस त्रेचाळिसाव्याला हललं, आणि हललं ते नेमकं आजच. वरच्या टोकाला रत्नम्माची थाळी वाजली. गल्लीभर मोटारी घुमायला लागल्या. तो परत फिरला.

दीड तासानं सगळे ओल्या पायरीवर चहा पीत बसले होते. भागवतची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "काका, पसंत हाय," तो म्हणाला. "घर बी, गल्ली बी. पोराला तुमच्या फोन लावा, बोलून टाकू."

व्यंकटीच्या हातातली बशी तशीच राहिली. वर्षाराणी त्याच्याकडं बघत होती.

"काका, एक विचारू? राग मानू नका. सकाळपासून आमच्या नांदेडला तुम्ही नावं ठेवताव, एवढं हे गाव तुमचं. मग तुम्ही कामून चाललाव?"

संगमेश्वरनं चहाकडं नजर वळवली.

व्यंकटीनं बशी पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "आमचं गाव किल्लारीकडं. गावात पाणी लई होतं. वर्षभर भरलेली विहीर. माझी माय घागर घेऊन उभी राहायची आणि कुणाला दया आली तर तो लांबून वरून ओतायचा. कुणी न्हाई आलं तर उन्हात उभी. मी बी उभा तिच्या बाजूला. तसलं पाणी पिऊन मी मोठा झालो. ह्या गल्लीत पाणी न्हाई, पण जेवढं येतं तेवढं सगळ्यांना एकाच पाइपातून येतं. अक्काच्या नळाला येतं तेच माझ्या नळाला. माझी पारू थाळी वाजायची वाट बघती, आणि रत्नम्मा बी पारूसाठी नळ बंद करती. ह्याच्यासाठी मी त्या साहेबाला शिव्या घालतो. गाव सोडून जायचं असतं तर अर्ज कशाला लिहिले असते?"

भागवत खाली बघत होता. किल्लारीच्या आसपास त्याचेही सोयरे होते. विहीर कशी असते ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

"मग मला कुणी विचारलं?" पारूबाई एकदम कडाडली. "बापानं बरं म्हणलं, पोरानं गिऱ्हाईक आणलं. हात माझा मोडला, डोकं न्हाई मोडलं! मला न्हाई जायचं. लिफ्टमधी कुणाशी बोलू मी? भिंतीशी?"

व्यंकटीनं तिथंच फोन लावला, स्पीकरवर. "धम्मा, मी शब्द मोडून राहिलो. घर विकायचं न्हाई."

पलीकडून धम्मानंदनं विचारलं, "आई काय म्हणती?"

"आई म्हणती," पारूबाईनं फोन ओढून घेतला, "आधी बापाला मोटार नीट करायला सांग."

धम्मानंद हसला, पण लगेच गंभीर झाला. "आई, जिन्यावरून एक बादली बी न्यायची न्हाई. तेवढी मोटार बसवा, मग मी परत विषय काढणार न्हाई. आणि त्या लोकांना वरचा मजला भाड्यानं द्या की. पोरीची सोय होईल, तुम्हाला सोबत."

वर्षाराणी नवऱ्याकडं बघायला वळलीसुद्धा नाही. "पुढच्या सोमवारी सामान आणतो," म्हणाली.

"पहिला अर्धा तास मोटार न्हाई," पारूबाई म्हणाली.

"ठाऊक झालं मावशी."

त्या दुपारी व्यंकटीनं जळकी मोटार खोलली. तीन तासांचं काम निघालं. एवढ्यासाठी बायकोचं मनगट गेलं म्हणून तो स्वतःलाच शिव्या घालत राहिला आणि पारूबाई वरून मोजून आणखी दोन घालत राहिली. संध्याकाळी वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं. तो आवाज ऐकत दोघं जिन्यात बसले.

सोमवारी त्यानं धुतलेला सदरा घातला. ऑफिसातल्या बाईनं शिक्का मारता मारता विचारलं, "काका, आता तर आठव्या दिवशी येतंय ना? आज आभाराचा आणलाय का?"

"वाचा," व्यंकटी म्हणाला.

अर्ज क्रमांक चव्वेचाळीस. "साहेब, दहाचे आठ केलेत. आभार मानणार नाही, कारण कबूल केले होते चार. तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा थकेल, पोराकडं पुण्याला जाईल आणि फाइल बंद होईल. मी कुठंही जात नाही. माझ्या घरात नांदेडचं एक बिऱ्हाड राहायला येतंय, त्यांच्या देखत मला खाली बघायला लावू नका. चौथ्या दिवशी पाणी कोणत्या तारखेपासून देणार? वरच्या टोकाला एकटी म्हातारी राहते, तिच्या नळाला मोटारीविना दाब कधी येणार? आणि मागच्या अर्जातल्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे: तुमच्या बंगल्याचा नळ कितव्या दिवशी येतो? सही करून, लेखी सांगा."