बेगमचा सोमवार

“एक्याण्णव किलो सहाशे,” केशवरावांनी काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला. “आता मांजर खाली ठेवा वहिनी, अन् एकट्या उभ्या राहा.”

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या आमच्या किराणा दुकानात सकाळी साडेअकराला बऱ्यापैकी गर्दी असते. दोन हमाल होते, चहावाला होता, जालन्याचं एक गिऱ्हाईक साबुदाण्याचा भाव पाडत बसलं होतं, आणि मुनीम केशवराव तर काट्याशीच उभे होते. आमची मांजर बेगम पिशवीत राहीना, टोपलीत बसेना. म्हणून ह्यांनी युक्ती काढली. मी तिला कडेवर घेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं राहायचं, मग तिला खाली ठेवून नुसतं माझं वजन करायचं, आणि वजाबाकी करायची. युक्ती बिनचूक होती. तिच्यात माझं वजन चारचौघांत वाचलं जाणार होतं, हे ह्यांच्या ध्यानात आलं नसेल. किंवा आलं असेल.

“चौऱ्याऐंशी दोनशे,” केशवराव जरा हळू म्हणाले.

हमाल हसले नाहीत. हसले ते हेच. “दोन बेगमा पाळल्यात मी घरात,” ह्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं. गिऱ्हाईक हसलं, मग मीही हसले. तीस वर्षं हसत आले आहे, आता तोंडाला सवय झाली आहे.

बेगम सात किलो चारशे ग्रॅम भरली. हे म्हणाले, “गोदामात होती तवा चार किलोसुद्धा नव्हती. पोळ्यापर्यंत किलोभर उतरव. नाही तर जाऊ दे परत गोदामात, उंदरांमागं पळंल, आपोआप उतरंल.”

एकनाथरावांची, म्हणजे ह्यांची, थट्टा कधी संपते आणि हुकूम कुठून सुरू होतो ते कळत नाही. माझं शिवणाचं मशीन असंच थट्टेथट्टेत पुतणीच्या घरी गेलं. आणि गोदाम आता पूर्वीचं राहिलेलं नाही. शेंगदाण्याच्या पोत्यांमागे दोन वर्षांपासून उंदरांचं विष ठेवतात. मेलेला उंदीर दिसला तर बेगम तो सोडणारी नव्हे. आषाढाचे थोडे दिवस उरले होते आणि पुढे श्रावण. एवढ्या वेळात किलोभर वजन उतरवायचं, नाहीतर मांजर मरणार, असा माझ्यापुरता सरळ हिशेब होता.

मी शैला. वय सत्तावन्न. कोठी भागातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीशी बसून सव्वीस वर्षं नंबर वाटते आहे. घर गौलीगुड्यात, तिसऱ्या मजल्यावर. घरात आम्ही दोघं, कंपनीचं काम बरेचदा घरूनच करणारी आमची रेणू, आणि तीन मांजरं. मुन्शी हा किडकिडीत बोका, जेवणाच्या बाबतीत भारी चोखंदळ. चिमणी भित्री, दोन घास खाल्ले की पळते. आणि बेगम. तिला ह्यांनीच गोदामातून आणलं होतं, पावसात भिजलेली, हातावर मावेल एवढी. ते आता कुणाला आठवत नाही.

वजन उतरवायचा मला एकच मार्ग माहीत होता, उपास. त्यातली मी जाणकार. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सोमवार धरायला लावले, दुकान चालावं म्हणून. मग रेणूच्या दहावीला गुरुवार लागले, ते ती नोकरीला लागली तरी सुटले नाहीत. संकष्टी आणि दोन एकादश्या आहेतच. महिन्यातले दहा-अकरा दिवस मी उपाशी असते. ह्यांना उपास झेपत नाही, पित्त होतं. पण त्यांची श्रद्धा दांडगी. “दुकान तुझ्या सोमवारांवर उभं आहे,” असं ते चारचौघांत सांगतात, आणि मला ते इतकी वर्षं कौतुक वाटत होतं.

तर श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी बेगमलाही उपास धरायला लावला. जाळी लावलेल्या बाल्कनीत तिला कोंडलं, पाणी ठेवलं आणि वाटीभर दूध. दूध चालतं उपासाला. ती दिवसभर दाराशी ओरडली. मी आत बसून जप करत राहिले आणि कान बंद केले. मंगळवारी सकाळी तिच्या पुढ्यात पाकिटातलं खाणं ठेवलं, तर तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. काळजी वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. जे मला तीस वर्षांत साधलं नाही ते हिला पहिल्याच सोमवारी साधलं, असं मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी देवापुढे तिच्या नावानं निरांजनही लावलं.

शुक्रवारी सकाळी तिच्या तोंडातून लाळ गळत होती. उचलून घेतलं तर अंगात जीवच नव्हता. रेणूनं तिचा कान उलटून पाहिला. आतली कातडी हळद लावल्यासारखी पिवळी होती.

तशीच तिला घेऊन आम्ही दोघी रिक्षानं निघालो. जनावरांच्या डॉक्टर सबीहा आमच्या मांजरीच्या पोटावर हात ठेवून एकेक विचारत गेल्या, मी एकेक सांगत गेले. उपासाचं सांगताना माझा आवाज अजून जरा ऐटीतच होता, हे आठवलं की आजही अंग आक्रसतं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “अम्मा, ये उपास नै था. इनों मरने लगी थी.”

मग त्यांनी समजावलं. लठ्ठ मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी सगळी लिव्हरवर येऊन बसते, लिव्हर बंद पडतं. मांजराचं वजन उतरवायचं तर अगदी सावकाश, महिन्याला पाव किलो फार झालं, आणि उपाशी एकही दिवस ठेवायचं नाही. हिला दोन दिवस इथं सलाइनवर ठेवू, मग घरी सिरिंजनं भरवा. वाचेल का, या प्रश्नावर त्यांनी फक्त “देखेंगे” म्हटलं. तिन्ही मांजरं कशी जेवतात तेही विचारलं. मी म्हटलं, तिघांच्या वाट्या शेजारी शेजारी असतात. मुन्शी अर्धं टाकतो, चिमणी थोडं ठेवून पळते, आणि ही खादाड सगळ्यांचं संपवते.

“तो खादाड कहां है, अम्मा?” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. “सबका बचा हुआ खा री. जूठा सामने रखना नक्को. उठा लेव.”

एवढंच त्या बोलल्या आणि पुढचा पेशंट आला. मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि मला रडू आलं. आधी बेगमसाठी, मग स्वतःसाठी. आमच्या घरात मी सगळ्यांच्या मागून जेवते, आणि तेही ह्यांच्या ताटात. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. हे ताटात बायकोसाठी मुद्दाम भात राखतात, त्यांच्या मते ते प्रेम. शिवाय रेणूची अर्धी पोळी, कढईतली भाजी, पातेल्याला लागलेलं वरण, वाया कशाला घालवायचं म्हणून सगळं माझ्या पोटात. सोमवारचं उरलेलं मंगळवारी, एकादशीचं बारशीला. आणि वर बेगम म्हणजे मी, मी म्हणजे बेगम. तीस वर्षं मी स्वतःला खादाड समजत होते. मला राग आला, आणि तो राग घरी पोचेपर्यंत उतरला नाही. खरं सांगायचं तर अजूनही उतरलेला नाही.

रविवारी बेगमला घरी आणलं. मी दवाखान्यात बारा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला, कारण लिहिलं, ‘घरी पेशंट’. खोटं नव्हतं. सकाळी सहापासून दर तीन तासांनी पातळ केलेलं खाणं सिरिंजमध्ये भरायचं, बेगमला टॉवेलात गुंडाळायचं, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब आत सोडायचं. अर्धं माझ्या साडीवर यायचं. हे रोज बघायचे आणि काही ना काही बोलायचे. मला टायफॉइड झाला तवा दोन दिवस रजा काढली होतीस, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला चमच्यानं खाता येत होतं.

नवव्या दिवशी मी सिरिंज धुवायला उठले, तेवढ्यात तिनं वाटीतलं उरलेलं स्वतःहून चाटलं. मी तिथंच ओट्याशी उभी राहून “रेणू, रेणू” करत राहिले.

त्यानंतर घरातली जेवणाची पद्धत बदलली. मुन्शीची वाटी फ्रिजवर गेली, तिथं बेगमला उडी मारता येत नाही. चिमणीसाठी रेणूनं कुरिअरच्या खोक्याला छोटं भोक पाडलं. त्यातून चिमणी आत जाते, बेगमचं डोकं जातं आणि खांदे अडतात. बेगमला तिचं स्वतःचं, मोजून, चार वेळा. वीस मिनिटं झाली की तिघांचंही मी उचलून टाकते. पहिले दोन दिवस बेगम खोक्यात डोकं घालून तक्रार करत उभी राहिली. मग तिला कळलं असावं, की आपलं आपल्याला वेळेवर मिळतंय. आता ती सावकाश खाते. तिला अशी सावकाश खाताना मी यापूर्वी पाहिलंच नव्हतं.

पोळा चार दिवसांवर आला. रविवारी संध्याकाळी ह्यांनी बेगमकडे निरखून पाहिलं आणि खुशीत म्हणाले, “उतरली की गं. बघ, उपास कामी आला. उद्या दुकानात आण, केशवरावाला काटा लावायला सांगतो.” रात्री मी वरणाची डाळ काढून ठेवली, दोन माणसांऐवजी तीन माणसांची.

दुसरा दिवस श्रावणातला शेवटचा सोमवार. ह्यांचं आणि रेणूचं जेवण दहाला होतं, मग हे दुकानात जातात आणि मी कोठीला. मी तिघांची ताटं मांडली. वरण, भात, पोळ्या, दोडक्याची भाजी. ह्यांना वाढलं, रेणूला वाढलं, माझं वाढून घेतलं, आणि त्यांच्याबरोबर खुर्ची ओढून बसले.

ह्यांचा घास हातात तसाच राहिला. “जेवायलीस?”

“हो.”

“आज सोमवार आहे.”

“माहीत आहे.”

“श्रावणातला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, नरमाईनं, “बरं नाही का तुला? आजारी माणसाला चालतं, काही हरकत नाही.”

“बरी आहे,” मी म्हटलं. “भूक लागलीय.”

रेणूनं ताटात मान घातली होती, पण तिचं खाणं थांबलं होतं. हे चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत, घाबरले. “आणि दुकानाचं काय?” असं त्यांनी लहान आवाजात विचारलं. मला क्षणभर त्यांची दया आली. चांगला माणूस आहे, हे मी नाकारत नाही. पण दयेच्या पोटी मी तीस वर्षं उपाशी राहिले होते, आता पुरे होतं.

“दुकान तुमचं आहे, सोमवार तुम्ही धरा,” मी म्हटलं. “मी आता धरणार नाही. सोमवार नाही, गुरुवार नाही, कुठलाच नाही. आणि बेगम दुकानातल्या काट्यावर येणार नाही आणि गोदामातही जाणार नाही. तिचं वजन डॉक्टर करतील. माझं करायचं झालं तर माझं मी करीन.”

ह्यांनी दोन-चार घास कसेबसे खाल्ले. मग नेहमीसारखा ताटाच्या कडेला भात राखला, त्यावर थोडं वरण ओतलं, आणि हात धुवायला उठले. माझ्यासाठी राखलेला घास. त्यात काही वाईट हेतू नव्हता, हात आपोआप ते करतो.

“बसा,” मी म्हटलं. “मी माझं वाढून घेतलंय. ते तुमचं आहे.”

ते उभेच राहिले, खरकटा हात अंगापासून लांब धरून. माझ्याकडे पाहिलं, रेणूकडे पाहिलं. रेणूनं मान वर केली नाही. माझं बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते बसले आणि कडेचा भात कालवायला लागले. मी दुसरी पोळी वाढून घेतली, तिच्यावर तूप घातलं आणि जेवत राहिले.