टोपी काढ, सूप निवतंय

उचलून बघताय? जपून हं. अकरा किलोचा टेपरेकॉर्डर आहे मी, अलीकडच्या त्या साबणाच्या वडीएवढ्या पोरांसारखा नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचंच ऐकत आलो. आज बाजारात गिऱ्हाईक कमी आहे, तर घटकाभर माझंही ऐका.

जन्म माझा जर्मनीतला, पण कारकीर्द सगळी पॅरिसची. त्रेसष्ट साली आन्सेल्म कोर्ब्याँ नावाच्या गीतकाराने मला घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. लिहायला वेगळी खोली होती, पण तिथे शेगडी नव्हती. प्रतिभेला ऊब लागते म्हणे.

हे गृहस्थ प्रेमावर लिहायचे. बायकांच्या डोळ्यांवर त्यांची एकेचाळीस गाणी होती. पासपोर्टच्या अर्जात बायकोच्या डोळ्यांचा रंग लिहायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांनी तिलाच हाक मारून विचारलं.

बायकोचं नाव सिल्व्हेत. ती लोकांचे कपडे शिवायची, रांधायची आणि हे करता करता बोलायची. कोणी ऐकतंय की नाही हे बघायची सवय तिने केव्हाच सोडली होती.

आता धंद्याची रीत सांगतो. चाल आधी येते, शब्द मागाहून. मापासाठी गीतकार आधी चालीत काहीही कोंबतो. त्या कच्च्या शब्दांना या लोकांत 'राक्षस' म्हणतात. आन्सेल्मला राक्षस आयता मिळायचा. सिल्व्हेत जे बोलेल ते तो बोटांवर मोजायचा, चालीत बसवून माझ्यासमोर गायचा, आणि मग तिचे शब्द काढून तिथे चांदणं, सीन नदी आणि डोळे घालायचा. दहा वर्षं हाच उद्योग.

त्र्याहत्तरच्या जुलैत त्याने असाच एक राक्षस गाऊन फीत गेतान देल्मा या गायिकेकडे पाठवली, चाल पाठ करायला. खरे शब्द त्याने कागदावर लिहिले होते, ते मागाहून टपालाने जायचे होते. तेवढ्यात एक ऑगस्ट उजाडला आणि स्वारी बायकोला घेऊन समुद्रावर गेली. तो कागद राहिला माझ्या शेजारी. ऑगस्टात अख्खं पॅरिस सुट्टीवर जातं, धड पाववाला सापडत नाही, गीतकार कुठून सापडणार? तिकडे वादक खोळंबले होते. बाईंनी वैतागून फितीवर होतं तेच गाऊन टाकलं:

"टोपी काढ, सूप निवतंय, आलाच आहेस तर बस जरा."

सप्टेंबरात दोघं परतली तेव्हा जिन्याशी बसणारी इमारतीची राखणदार बाईसुद्धा हेच गुणगुणत होती. आन्सेल्मने आधी कपाळाला हात लावला. आठवड्याभरात मात्र तो लोकांना सांगायला लागला, की इतका साधेपणा यायला वीस वर्षांची तपश्चर्या लागते. टीव्हीवर कोणीतरी विचारलं, ही ओळ कुठून आली? म्हणाला, "आतून." आतून म्हणजे स्वयंपाकघरातून, एवढं सांगायचं बहुधा राहून गेलं.

सिल्व्हेतने एकच गोष्ट मागितली. नव्या तबकड्या निघतील तेव्हा त्याच्या नावाशेजारी तिचं नाव छापायचं.

"अगं, तू नुसती बोललीस," तो हसून म्हणाला. "गाणं मी केलं."

तिने माझ्या शेजारी राहिलेला तो चांदण्याचा कागद उचलला. "मग हे कुणी केलं? हे का नाही कुणी गायलं?"

 तो हळूच म्हणाला, "लोक हसतील गं मला."

निदान हे तरी खरं बोलला. चार दिवसांनी ती बहिणीकडे नांतला निघून गेली.

पुढे काय झालं विचारू नका. गेतानबाईंना दुसरं 'असंच घरगुती' गाणं हवं होतं. आन्सेल्म मला चालू करून तासन्‌तास बसायचा. मी काय टिपणार? नळ गळायचा, तेवढं टिपलं. त्याने पुन्हा चांदणं पाठवलं, ते परत आलं.

मार्चमध्ये ती शिलाई मशीन न्यायला आली. त्याने कॉफी ठेवली, आणि पावाच्या टोपलीआड माझं बटण दाबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आमच्या जातीला नाही म्हणता येत नाही.

"बोल ना काहीतरी," तो लाडीगोडीने म्हणाला. "पूर्वीसारखं."

तिने माझी फिरती चाकं पाहिली. चिडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि माइक आपल्यापुढे घेतला. ती आल्यापासून तो जी नवी चाल गुणगुणत होता, ती तिने अथपासून इतिपर्यंत गायली, बोटांवर नीट मोजत, नुसत्या ला ला ला वर. तो पेन्सिल धरून बसला होता.

"शब्द तू घाल," ती उठत म्हणाली. "शब्द तुझेच असतात."

चार वर्षं तो घालत बसला. एक ओळ बसली नाही. शेवटी मला इथे जुन्या बाजारात आणून सोडलं.

घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या. फक्त पोटातली फीत पुसू नका. दहा वर्षं मी तिचे शब्द त्याच्या गळ्यातून ऐकवले. तिचा स्वतःचा आवाज माझ्याकडे एवढाच आहे.