खुणेचं नाव

उंद्रीच्या मनकर्णाबाईला पोरगा एकच, गजेंद्र, आणि तोही दूर पुण्यात. सणाला येतो म्हणायचा आणि आदल्या दिवशी सुट्टी नाही म्हणायचा. फोन आठवड्याला एक, तोही घाईघाईत.

शेजारच्या हिंमतरावांना कोणीतरी भाच्याचा आवाज काढून गंडवलं. मोबाईलवर आलेला ओटीपी त्यांनी भोळेपणी सांगून टाकला आणि खातं साफ झालं. ते ऐकून गजेंद्र हादरला.

"माय, आजकाल आवाजाची बी चोरी होते. नव्या नंबरवरून फोन आला तं माह्या आवाजावर बी भरोसा ठेवू नको. आपण खुणेचा एक शब्द ठरवू. तो सांगतल्याबिगर कोणालेच ओटीपी द्यायचा नाही."

"ठरला," म्हातारी म्हणाली. "उकंड्या."

पोरगा म्हणाला, "दुसरा ठरव वं माय."

"दुसरा माह्या ध्यानात राहत नाही."

ध्यानात सगळं राहायचं. बाई पक्की होती.

गजेंद्रच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा सुईणीने त्याला उकंड्यावर, म्हणजे शेणकेराच्या ढिगावर ठेवला. शेजारणीने उचलला आणि मनकर्णाबाईने सूपभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू विकत घेतलं. टाकून दिलेल्यावर काळाची नजर जात नाही म्हणतात. शाळेत गजेंद्र, घरात उकंड्या. आठवीत त्याने हात जोडले, "पोरं हासतात, माय." तेव्हापासून तिने ते नाव गिळलं. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. तरी भाकर थापताना अजून ओठावर यायचं आणि जीव तुटायचा. हाक मारायला पोरगा जवळ नाही, अन् असता तरी मारायची सोय नाही.

परवा दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"माय, मी बोलून राह्यलो. माह्या फोनची बॅटरी गेली, हा दोस्ताचा फोन हाये. तुह्या पीकविम्याचा फॉर्म भरून राह्यलो, आज शेवटची तारीख. ओटीपी आला असंल, सांग लवकर."

आवाज त्याचाच. बोलता बोलता नाक ओढायची खोडसुद्धा त्याचीच. तिला तिळभर शंका नव्हती.

"खूण सांग."

"हापिसात हाये मी, माय. बाजूले सारे लोक बसेल हायेत."

"बसू दे. चोर बी असंच म्हणते."

"मीच हाये ना वं!"

"आवाजावर भरोसा ठेवू नको, हे तूच सांगतलं होतं."

फोन कटला. मनकर्णाबाईला पश्चात्ताप झाला. कामातल्या पोराला कशाला छळलं? विमा गेला तर गेला, पण रुसला तर आठवड्याचा फोनही जाईल. ती चुलीपुढे तशीच बसून राहिली.

दहा मिनिटांनी पुन्हा तोच नंबर.

"नवा ओटीपी पाठवला, माय." मग हळूच, "उकंड्या बोलून राह्यलो."

तिने मोबाईल कानाशी घट्ट धरला. "ऐकू नाही आलं."

"उकंड्या! तुहा उकंड्या, माय!"

तिकडे कोणीतरी हसलं. तिने सहा आकडे सांगितले, एकेक, जमेल तितके सावकाश.

"झालं. ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

हिंमतरावांचं ऐकल्यापासून अख्खी उंद्री ओटीपीला भिते. मनकर्णाबाई मात्र दिवसातून चारदा मोबाईल उघडून बघते, एखादा आला का.