केळीच्या बागेतली जीप

पडद्यावर जीप जिथे दिसत होती, तिथे वैजयंती रिक्षा करून जाऊन आली. तिथे केळीची बाग होती, बांधावर एक कुत्रं झोपलेलं होतं आणि बाकी काही नव्हतं. गावात, इतवारा मोहल्ल्यात परत येऊन शालिग्रामकाकांच्या गच्चीवरच्या खोलीचा जिना चढतानाच तिला ठाऊक होतं, की काका तिच्या डोळ्यांपेक्षा त्या ठिपक्यावर विश्वास ठेवणार.

तसंच झालं. "नीट बघितलंस का बेटा?" काकांनी विचारलं. "ठिपका तर तिथंच आहे."

शालिग्रामकाका म्हणजे गावातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळात माणसं नऊ, त्यांतली सात फक्त चहाला येणारी. तिचा नवरा ऋषिकेश कॉलेजात शिकवतो, आणि काकांपुढे मात्र पहिलीतल्या पोरासारखा बसतो. आज त्या दोघांचा मोठा प्रयोग होता. तळहाताएवढं जीपीएस यंत्र तारेने ऋषिकेशच्या जीपमधल्या रेडिओला जोडलं होतं. यंत्र आकाशातल्या उपग्रहांवरून जागा ओळखणार, रेडिओ ती दर दोन मिनिटांनी काकांच्या गच्चीवर पाठवणार आणि संगणक नकाशावर ठिपका काढणार. डोईफोडियाकडे जंगलाच्या कडेला मोबाईल मरतो, तिथेही माणूस हरवणार नाही, असं काका महिनाभर प्रत्येकाला थांबवून सांगत होते.

हरवण्याजोगं माणूस म्हणून ऋषिकेशने चार वर्षांच्या गोटूला बरोबर नेलं होतं. रात्री गोटूला ताप होता. सकाळी तो उतरला, वैजयंती अंघोळीला गेली आणि तेवढ्यात बापलेक निघूनही गेले. बारापर्यंत येतो, असं शेजारणीजवळ सांगून. दिवाळीत असाच ताप चढला होता तेव्हा गोटूला आकडी आली होती. पोराचे डोळे पांढरे झालेले तिने पाहिले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप चढू द्यायचा नाही. दुपारी एक वाजताच्या डोसची बाटली तिच्या पर्समध्ये होती, ऋषिकेशचा फोन लागत नव्हता आणि भिंतीवरच्या घड्याळात एक चाळीस झाले होते.

काका समाधानात होते. एकही संदेश चुकला नव्हता, सगळेच्या सगळे आले होते. प्रत्येक संदेशाची ओळ पडद्यावर उमटली की ते वहीत रेघ मारत. ओळ वाचत मात्र नव्हते.

वैजयंतीने वाचली. मग वरची वाचली, मग त्याच्या वरची. सगळ्या सारख्याच. प्रत्येकीत यंत्राची वेळ होती, पाच बावीस. तिने काकांना विचारलं, ही वेळ कुठली? काका म्हणाले, ती ग्रीनिचची असते, आपल्या कामाची नाही. तिने मनातल्या मनात साडेपाच तास मिळवले. दहा बावन्न.

"काका, दहा बावन्नपासून यंत्राला आकाशच दिसलेलं नाही. रेडिओ तेव्हाचीच जागा पुन्हा पुन्हा पाठवतोय. तुम्ही तीन तास शिळं मोजताय."

काकांनी चष्मा पुसला. संदेश येतोय म्हणजे यंत्रणा चालू आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. बोलता बोलता त्यांची नजर खुंटीकडे गेली, आणि तिचीही गेली. खुंटीला माईक लटकत होता. ह्या रेडिओच्या डब्यातून बोलताही येतं, हे सकाळपासून दोघांपैकी एकाही विद्वानाच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं असलं तरी काकांनीच नियम केला होता, चाचणी चालू असताना कुणी बोलायचं नाही, बोलण्याने संदेश मरतात.

तिने माईक काढला.

"तुझ्याकडे लायसन नाही बेटा. ऐसा नहीं चलता."

"मग तुमचं आहे ना, तुम्ही विचारा. माझं पोर कुठे आहे विचारा."

काका वहीकडे बघत राहिले. दोन शब्द बोलण्यासाठी त्यांच्या न चुकलेल्या संदेशांची रांग तुटणार होती. तिने बटण दाबलं. सहाव्यांदा हाक मारल्यावर खरखर झाली. तार काढून माईक लावायला ऋषिकेशला वेळ लागला होता.

"वैजू? तू कशी काय? आम्ही डोईफोडियाला. तासभर जास्तच फिरलो, सिग्नल मस्त चाललाय. काकांना सांग ना."

"गोटूच्या कपाळाला हात लावा."



"गरम आहे गं. झोपलाय म्हणून मी..."

तिने सांगितलं, कपडे सैल करा, पाणी पाजा आणि थेट वाटेतल्या खकनारच्या दवाखान्यात न्या, मी औषध घेऊन तिथेच येते. मग काकांच्या गाडीची किल्ली टेबलावरून उचलून तिने त्यांच्या हातात ठेवली. काका उठले. खाली उतरताना ते एवढंच म्हणाले, की शेवटी 'ओव्हर' म्हणायचं असतं.

खकनारला ती पोहोचली तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलेलं होतं. ताप एकशे दोन होता, आता उतरत होता. आकडी आली नव्हती. तिने गोटूला छातीशी घेतलं आणि बाहेर उभ्या जीपमध्ये डोकावून पाहिलं. जीपीएस यंत्र तिच्याच स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात होतं, फडक्यात गुंडाळून, वर तारेपुरती फट ठेवून दाबलेलं झाकण. केळीच्या बागेपाशी धूळ उडायला लागली तेव्हा ठेवलं, गोटूने बटणं दाबू नयेत म्हणूनही, ऋषिकेश म्हणाला. पोळ्या सीटवर वर्तमानपत्रात वाळत पडल्या होत्या.

मग तो काकांकडे वळला. "किती आले?"

"सगळे," काका म्हणाले. "माईक उचलेपर्यंत एकही गेला नाही."

दोघांचे चेहरे उजळले.

वैजयंती गोटूला घेऊन काकांच्या गाडीत मागे बसली. "काका, चला," ती म्हणाली. "ह्यांना जीपने येऊ द्या. कुठवर आले ते तुम्हाला घरी पडद्यावर दिसेलच."